त्वचेची पारख व निगा

आपल्या शरीराचें सर्वांत मोठें इंद्रिय कोणतें, असें वर्गांत विचारल्यास कोणी मेंदू म्हणेल, कोणी फुप्फुसें म्हणेल; परंतु तो मान त्वचेचा आहे. प्रौढ मनुष्याच्या अंगावरील त्वचा पसरून मोजली तर ती सुमारें दीड ते दोन चौरस मीटर भरेल. धूळ, ऊन व रोगजंतु यांना ती बाहेर थोपविते, आंतील पाणी आंत राखते आणि घामावाटे शरीराची उष्णता कमी करते. अमरावतीहून नागपूरकडे जातांना लागणाऱ्या आपल्या गुरुकुंज मोझरीच्या परिसरांत उन्हाळ्यांत पारा ४५ अंशांच्या घरांत जातो. अशा प्रदेशांत त्वचा आपल्यासाठीं किती झिजते, याचा विचार प्रत्येकानें करावा.

एवढ्या उपकारी इंद्रियाकडे पाहतांना आपण बहुधा एकच प्रश्न विचारतों: ती गोरी कीं सांवळी? वस्तुतः निगेच्या दृष्टीनें हा प्रश्न निरर्थक आहे. त्वचेंतील मेलॅनिन नांवाच्या रंगद्रव्यानें वर्ण ठरतो, आणि तें द्रव्य उन्हाच्या घातक किरणांपासून आपलें रक्षणच करतें. विचारावयाचा प्रश्न असा कीं, माझी त्वचा कोरडी आहे कीं तेलकट, सोशीक आहे कीं नाजूक?

त्वचेच्या आंत सूक्ष्म तैलग्रंथि असतात. त्यांतून झिरपणारा स्निग्ध पदार्थ बेताचा असला म्हणजे त्वचा मऊ राहते. तिला साधारण त्वचा म्हणतात. तो कमी पडला कीं त्वचा कोरडी, अधिक झाला कीं तेलकट. कपाळ, नाक व हनुवटी तेलकट आणि गाल मात्र कोरडे, अशीहि पुष्कळांची स्थिति असते. ही मिश्र त्वचा होय. नाजूकपणा हा यांपैकीं कोणत्याहि प्रकारांत आढळूं शकतो.

पारख करण्यास कांहीं खर्च लागत नाहीं. सकाळीं सौम्य साबणानें चेहरा धुवावा, मऊ पंचानें टिपून घ्यावा आणि तासभर त्यास कांहींहि लावूं नये. नंतर पातळ टिपकागदाचे तुकडे कपाळ, नाक, गाल व हनुवटी यांवर हलकेच दाबून उजेडांत पाहावे. सर्व तुकड्यांवर तेलाचे डाग उमटले तर त्वचा तेलकट. कोठेंच न उमटतां चेहरा ओढल्यासारखा वाटला तर कोरडी. कपाळ-नाकाच्या तुकड्यांवरच उमटले तर मिश्र. आणि डाग नाममात्र असून चेहऱ्यास ताणहि नसला तर साधारण. ही परीक्षा उन्हाळ्यांत एकदां व हिवाळ्यांत एकदां करावी, कारण ऋतुमानाप्रमाणें उत्तर बदलतें. वयाप्रमाणेंहि बदलतें. बाराव्या-तेराव्या वर्षापासून तैलग्रंथि अधिक काम करूं लागतात व तारुण्यपीटिका उठतात. तो कांहीं अस्वच्छतेचा दोष नव्हे. म्हणून आईबापांनीं त्यावरून मुलांस बोल लावूं नये.

आतां निवडीकडे वळूं. निरोगी त्वचा किंचित् आम्लधर्मी असते, आणि नेहमींचा साबण अल्कधर्मी असतो. त्यामुळें तेलकट त्वचा असली तरीहि दिवसांतून दोनदां चेहरा धुणें पुरे. वरचेवर घासल्यानें पीटिका जात नाहींत, उलट चिडतात. अकोला, दर्यापूर, मूर्तिजापूर या बाजूच्या खारपाणपट्ट्यांतील मंडळींनीं आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. जड पाण्यांत साबणाचा फेस होत नाहीं, चोथा मात्र होतो, व तो अंगावर राहून त्वचा रखरखीत करतो. तेथें साबण कमी वापरावा व शेवटचा तांब्या शक्य तर गोड्या पाण्याचा घ्यावा.

कोरड्या त्वचेवर स्नानानंतर अंग किंचित् ओलें असतांनाच खोबरेल तेल, ग्लिसरीनयुक्त मलम किंवा साधें पेट्रोलियम जेली लावावें, म्हणजे पाणी आंत कोंडून राहतें. महागड्या डबीचें मुख्य कामहि बहुधा एवढेंच असतें. तेलकट चेहऱ्यावर मात्र तेल चोपडूं नये; हलकें, पाण्यांत सहज मिसळणारें मलम पुरतें. पीटिका फार असल्यास बेंझॉइल पेरॉक्साइड अथवा सॅलिसिलिक आम्ल असलेलें औषध वैद्यकीय सल्ल्यानें घ्यावें. लिंबाचा रस चेहऱ्यास लावून उन्हांत जाणें हें तर संकटास निमंत्रण होय. त्यानें त्वचा भाजून काळे डाग पडतात. उन्हाच्या बचावासाठीं प्रथम दुपट्टा, टोपी वा छत्री, आणि नंतर उन्हापासून रक्षण करणारें मलम, हा क्रम असावा. कोणतीहि नवी वस्तु प्रथम कोपराच्या आंतील बाजूस थोडी लावून चार-पांच दिवस पाहावी. खाज किंवा लाली आली तर ती टाकून द्यावी.

येथवर चुकलें तर नुकसान थोडें. परंतु 'गोरें करणाऱ्या' मलमांविषयीं तसें म्हणतां येत नाहीं. आपल्या वऱ्हाडांतीलच एक हकीकत २०२३ सालाच्या आरंभीं वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाली. अकोल्याची एक महाविद्यालयीन विद्यार्थिनी ओळखीच्या सौंदर्यप्रसाधिकेनें दिलेलें मलम लावूं लागली. वर्ण उजळलेला पाहून लोकांनीं वाखाणणी केली, म्हणून तिची आई व बहीण याहि तेंच लावूं लागल्या. पुढें तिघींच्याहि मूत्रपिंडांना विकार जडला. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत कारणाचा शोध झाला, तेव्हां त्या मलमांत पारा निघाला. केरळांतील डॉक्टरांनींहि २०२१ ते २०२३ या काळांत मूत्रपिंडाच्या एका विकाराचे २२ रोगी तपासले. त्यांपैकीं १३ जण अशीं मलमें वापरीत होते.

पारा मेलॅनिन तयार होण्याची क्रिया अडवितो, म्हणून वर्ण कांहीं दिवस उजळतो. परंतु तो त्वचेंतून रक्तांत उतरून मूत्रपिंडांत सांचतो. पाय सुजणें, लघवीस फेस येणें हीं त्या विकाराचीं लक्षणें होत. भारतांत प्रसाधनांत पारा घालण्यास बंदी आहे. नकळत आलाच तर डोळ्यांच्या प्रसाधनांखेरीज इतरांत दशलक्षांत एक भाग, एवढीच कायद्याची मर्यादा आहे. म्हणून ज्या डबीवर निर्मात्याचें नांव व पत्ता, परवाना क्रमांक, घटकद्रव्यें व मुदतीची तारीख नाहीं, ती फुकट मिळाली तरी घरांत आणूं नये.

दुसरा धोका स्टिरॉइडयुक्त मलमांचा. क्लोबेटॅसॉल, बीटामेथासोन, मोमेटासोन हीं नांवें नळीवर दिसलीं तर तें प्रसाधन नव्हे, औषध आहे असें समजावें. नायट्यावर किंवा चेहऱ्यावर तें मनानें लावल्यास आरंभीं बरें वाटतें. पुढें त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसूं लागतात आणि नायटा पसरतो. २०१८ सालीं सरकारनें अशीं १४ स्टिरॉइडें डॉक्टरांच्या चिठ्ठीवांचून विकूं नयेत असें ठरविलें.

आणि एक सूचना. अंगावर फिकट चट्टा असून तेथें स्पर्श कळत नसेल, तर त्यास कोरडेपणा समजून मलमें चोळीत बसूं नये. तें कुष्ठरोगाचें लक्षण असूं शकतें. ज्या जिल्ह्यांत डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांचें तपोवन उभें राहिलें, तेथें तरी या रोगाचें नांव घेण्यास लाजूं नये. सरकारी दवाखान्यांत त्याचें औषध विनामूल्य मिळतें, आणि वेळीं घेतल्यास व्यंग न येतां रोग पूर्ण बरा होतो.

मोझरीस १९३५ सालीं गुरुकुंज आश्रम स्थापणारे राष्ट्रसंत तुकडोजी महाराज यांनीं आपल्या ग्रामगीतेंत आरोग्याचा स्वतंत्र विचार केला; गाडगेबाबांनीं हातीं खराटा घेऊन स्वच्छता शिकविली. या दोघांच्या भूमींतील मुलामुलींस स्वच्छता व निगा यांची थोरवी नव्यानें सांगावयास नको. परंतु निगा आणि रंगाचा हव्यास या दोन भिन्न गोष्टी आहेत. ईश्वरानें दिलेला वर्ण बदलण्याच्या नादांत ईश्वरानेंच दिलेलें आरोग्य गमावणें हा शहाणपणा नव्हे. विद्यार्थिमित्रहो, टिपकागदाची परीक्षा या सुटींत अवश्य करून पाहा. आणि आईबापांनो, घरांतील प्रत्येक डबीवरील बारीक अक्षरें एकदां मुलांकडून मोठ्यानें वाचून घ्या.