‘माझी लर्निंग स्टाईल कोणती?’

“सर, मी व्हिज्युअल लर्नर आहे, ऐकून मला कळत नाही,” असं सांगणारी मुलं हल्ली फार भेटतात. न्यूझीलंडच्या नील फ्लेमिंग यांची ‘वार्क’ प्रश्नावली तुम्हीही भरली असेल. बघून, ऐकून, वाचून-लिहून, करून, असे त्यात चार गट. आवड असतेच हो, ती कोण नाकारतंय? पण आवडीप्रमाणे शिकवलं म्हणून जास्त येतं का? २००८ मध्ये पॅशलर आणि सहकाऱ्यांनी झालेलं संशोधन तपासलं, तेव्हा तसा पुरेसा पुरावा सापडला नाही. आणि नकाशा नुसता ऐकून कसा शिकणार? तबल्याचा ठेका वाचून येईल?

मग काय बघायचं? रोडिगर आणि कार्पिक यांचा २००६ चा प्रयोग घ्या. उतारा सगळ्यांनी वाचला. मग काहींनी तो पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते, ८१ विरुद्ध ७५ टक्के. आठवड्याने मात्र वाचणारे ४२ वर आले, आठवणारे ५६ वर! म्हणजे वाचताना ‘येतंय की’ असं जे वाटतं ना, ते फसवं असतं.

आज घरी गेल्यावर एक धडा वाचा, पुस्तक मिटा, कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहा. पेन अडलं तो भाग तेवढा परत वाचा. दोन दिवसांनी पुन्हा कोरा कागद.