निहाली : कुठल्याच कुळात न बसणारी भाषा

कुठे बोलतात? बुलढाणा जिल्ह्याच्या जळगाव जामोद तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याच्या मोजक्या गावांत.

किती जण? अंदाजे २,००० ते २,५००. जनगणनेत १०,००० हून कमी भाषकांच्या भाषांचे आकडे स्वतंत्रपणे छापले जात नाहीत. त्यामुळे निहालीचा नेमका आकडा सरकारदरबारी सापडत नाही. अनुसूचित जमातींच्या यादीतही ही भाषा बोलणाऱ्यांचे ‘निहाल’ हे नाव कोरकू जमातीच्या नोंदीखाली आहे.

वेगळेपण काय? मूळ शब्दसंग्रहाचा मोठा भाग ना मराठीशी जुळतो, ना कोरकूशी, ना द्राविडी भाषांशी. उसनवारीही भरपूर आहे. मोजणी बघा : बिडुम, इरार, मोथ, नालो (१ ते ४). यातले ‘इरार’ आणि ‘नालो’ द्राविडी वळणाचे. कन्नडमधले एरडु आणि नाल्कु आठवावेत.

अभ्यास : १९०६ मध्ये ‘लिंग्विस्टिक सर्व्हे ऑफ इंडिया’च्या चौथ्या खंडात नोंद. १९६२ मध्ये डच अभ्यासक एफ. बी. जे. कॉयपर यांचा तौलनिक ग्रंथ.

श्रीलंकेतले असेच कोडे : तिथल्या आदिवासी वेद्दांची बोली सिंहलीत मिसळत गेली, तरी तिच्यातल्या काही शब्दांचे मूळ आजही उकलत नाही.



तातडीची गरज : निहाली बोलणाऱ्या वडीलधाऱ्यांचे ध्वनिमुद्रण आणि अंगणवाडीत मुलांच्या कानावर घरचीच भाषा. लिहिलेले साहित्य जवळजवळ नसलेली भाषा बोलणाऱ्यांबरोबरच संपते.