नवा स्पीकर बसवला, पण डग्गा कुठे गेला?

गाडी जुनी झाली की दारातल्या स्पीकरच्या कडेचा फोम अनेकदा भुगा होतो आणि फ्रीवेवर डग्ग्याऐवजी नुसती फरफर ऐकू येते. तुम्ही महागडे स्पीकर आणून बसवता, आणि खर्ज आधीपेक्षाही कमी! स्पीकर खराब निघाला? बहुधा नाही.

स्पीकरचा पडदा पुढे सरकतो तेव्हा समोरची हवा दाबली जाते, त्याच क्षणी मागची विरळ होते. म्हणजे मागून निघणारी लाट पुढच्या लाटेच्या नेमकी उलटी. १०० हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी सुमारे ३.४ मीटर, तिच्या हिशेबात कडेने वळून पुढे यायचं अंतर म्हणजे किस झाड की पत्ती. फट राहिली की दोन्ही लाटा भेटतात आणि एकमेकींना खोडतात. मूळ स्पीकरचा सांगाडा त्या दाराच्याच मापाचा असतो. बाजारातल्या गोल स्पीकरला अडॅप्टर रिंग आणि फोमची गॅस्केट लागते. खरा पैसा वसूल होतो तो इथे. (दाराच्या तळाशी पाणी जायची भोकं मात्र बुजवू नका!)

तारांचाही असाच घोळ. एकाच दाराची धन-ऋण टोकं उलटी जोडली गेली, तर दोन स्पीकर एकमेकांविरुद्ध हलतात आणि खर्ज पुन्हा गायब. दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावून पाहा: धनला धन जुळलं की पडदा बाहेर येतो.

खोक्यावरच्या वॉटना भुलू नका, ती सोसण्याची मर्यादा आहे. सेन्सिटिव्हिटी पाहा, ती ३ डेसिबलने जास्त असली की तेवढ्याच आवाजाला निम्मी शक्ती पुरते. आणि ओहम मूळ स्पीकरइतकेच ठेवा. ४ च्या जागी २ आले तर अँप्लिफायरकडून जवळपास दुप्पट करंट ओढला जातो, आणि तो तापून बंद पडू शकतो.