छायाचित्राखालची ओळ

वृत्तपत्रातले छायाचित्र आपण पाहतो. वाचतो ती त्याखालची ओळ. वृत्तपत्राच्या कचेरीत तिला 'फोटोओळ' म्हणतात. दहा-बारा शब्दांची ही ओळ कोणी लिहिली, कोणाला विचारून लिहिली, तिने काय सांगितले आणि काय गाळले, हे प्रश्न सहसा आपल्या मनात येत नाहीत. चित्र खरे आहे, तेव्हा ओळही खरीच असणार, असे आपण धरून चालतो. गाव सुटलेल्या, हाकलल्या गेलेल्या, पोटासाठी वणवण करणाऱ्या माणसांच्या छायाचित्रांबाबत असे धरून चालणे फार महागात पडते. चेहरा त्या माणसाचा असतो, पण तो माणूस कोण हे ठरवण्याचा अधिकार ओळ लिहिणाऱ्याच्या हाती असतो. आणि या ओळीतून सर्वांत आधी गळतात त्या दोन गोष्टी: माणसाचे नाव आणि त्याच्या विस्थापनाचे कारण. हेच या लेखात काही उदाहरणांनी मांडायचे आहे.

मी मराठवाड्यातल्या एका महाविद्यालयात शिकवतो. माझे आईवडील ऊसतोडीला जात. घरात पदवी घेणारा मी पहिला. दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे वृत्तपत्रांत एक ठरावीक छायाचित्र येते. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडीकुंडी, सरपण, एखादी शेळी आणि त्या पसाऱ्यावर बसलेली बायकापोरे. खाली मजुरांचे स्थलांतर सुरू झाल्याची ओळ. या ओळीत खोटे काही नाही. पण पाऊस सुरू होतो तसे स्थलांतरही सुरू होते, असे ती सुचवते. मुकादमाची उचल तिच्यात नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, म्हणजे बाईची मजुरी तिच्या हाती वेगळी पडतच नाही, हेही नाही. त्या ट्रॉलीत वंजारी असतो, बंजारा असतो, बौद्ध आणि मातंग असतो, कोरडवाहू मराठाही असतो. पण गावी परतल्यावर कोणाला स्वतःची जमीन आहे आणि कोणाला नाही, याच्याशी ओळीला देणेघेणे नाही. आमच्या घरी आजोबांचे एकही छायाचित्र नाही. मुकादमाच्या वहीत मात्र त्यांचे नाव आणि नावापुढे अंगठा होता. कर्जाला आमची नावे ठाऊक होती; छायाचित्राला नव्हती.

हे केवळ आपल्याकडेच घडते असे नाही. विस्थापितांचे जगात सर्वांत गाजलेले छायाचित्र अमेरिकेतले आहे, आणि त्याचीही कथा हीच आहे. १९३६ च्या मार्च महिन्यात कॅलिफोर्नियातील निपोमो येथे वाटाणा तोडणाऱ्या मजुरांच्या तळावर डोरोथिया लँग या छायाचित्रकार बाईंनी एका आईचे चित्र घेतले. त्या तेव्हा अमेरिकन सरकारच्या पुनर्वसन खात्यासाठी काम करीत होत्या. थंडीने पीक गेले होते आणि मजूर उपाशी होते. हनुवटीला हात लावून शून्यात पाहणारी ती आई, तिच्या खांद्यांआड तोंड लपवलेली दोन मुले आणि मांडीवर तान्हे मूल, असे ते चित्र. त्या तळावरची चित्रे सॅन फ्रान्सिस्कोच्या वृत्तपत्रात छापून आली आणि सरकारने तळावर वीस हजार पौंड अन्नधान्य पाठवले. छायाचित्रात सामर्थ्य असते ते असे. पण धान्य पोचले तोवर ते कुटुंब कामाच्या शोधात पुढे निघून गेले होते.

लँग यांनी त्या बाईचे नाव नोंदवले नाही. ओळीत आले ते तिचे वय बत्तीस, मुले सात, आणि ती निष्कांचन मजूर असल्याचे. पुढे ते चित्र जगभर 'स्थलांतरित आई' या नावाने ओळखले गेले. तिचे नाव फ्लोरेन्स थॉम्पसन, हे जगाला कळायला १९७८ साल उजाडावे लागले. आणि नावापाठोपाठ आणखी एक गोष्ट उघड झाली. ती चेरोकी या आदिवासी समाजातली होती. १९०३ साली तिचा जन्म झाला तो आजच्या ओक्लाहोमात, ज्या प्रदेशात चेरोकींना १८३८-३९ मध्ये लष्कराच्या पहाऱ्यात त्यांच्या भूमीतून हाकलून नेले होते, आणि ज्या वाटचालीत हजारो माणसे वाटेतच मेली होती. म्हणजे ज्या बाईकडे अमेरिकेने चाळीस वर्षे कष्टाळू गोऱ्या शेतकरी आईचे प्रतीक म्हणून पाहिले, तिच्या समाजाचे विस्थापन मंदीच्या शंभर वर्षे आधीच सुरू झाले होते. ओळीत मंदी होती, दारिद्र्य होते, मातृत्व होते. आदिवासी असणे तेवढे नव्हते. या चित्राने आपल्याला एक पैसाही मिळाला नाही, अशी तिची तक्रार होती. १९८३ मध्ये ती मरणपंथाला लागली तेव्हा तिच्या मुलांना उपचारासाठी लोकांपुढे हात पसरावा लागला.

लँग यांना यात खलनायिका करण्याचे कारण नाही. त्यांची सहानुभूती खरी होती. १९४२ मध्ये त्याच बाईंनी जे काम केले त्यावरून ते दिसते. दुसऱ्या महायुद्धात फेब्रुवारी १९४२ च्या अध्यक्षीय आदेशानुसार अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील जपानी वंशाच्या सुमारे एक लाख वीस हजार लोकांना घरेदारे सोडायला लावून छावण्यांत कोंडण्यात आले. त्यांतले दोन-तृतीयांश जन्माने अमेरिकन नागरिक होते. या कार्यवाहीची चित्रे घेण्यासाठी सरकारने लँग यांनाच नेमले. काटेरी तारा, पहाऱ्याचे मनोरे आणि बंदूकधारी शिपाई टिपायचे नाहीत, असे त्यांना बजावण्यात आले. त्यांनी टिपली ती गळ्यात क्रमांकाच्या चिठ्ठ्या अडकवलेली मुले, आणि दारावर 'मी अमेरिकन आहे' असा फलक लावलेले एक दुकान. लष्कराने ही चित्रे जप्त केली आणि युद्ध संपेपर्यंत दडवून ठेवली. अमेरिकन सरकारने माफी मागून हयात असलेल्या प्रत्येकाला वीस हजार डॉलर भरपाई दिली ती १९८८ च्या कायद्याने.

या दोन घटना शेजारी ठेवल्या की एक नियम हाती लागतो. विस्थापन निसर्गाने किंवा बाजाराने घडवले असे दाखवता येते, तेव्हा चित्र छापले जाते. विस्थापन करणारा हात चित्रात दिसू लागला की चित्र कपाटात जाते.

हा नियम घेऊन आपण आपल्या देशाकडे वळू. १९४७ च्या फाळणीची छायाचित्रे आपण पाठ्यपुस्तकांतून पाहिली आहेत. अमेरिकन 'लाइफ' नियतकालिकासाठी मार्गारेट बर्क-व्हाइट यांनी पंजाबातल्या पायी काफिल्यांची चित्रे घेतली, ती या काळाची ओळखच बनली. या चित्रांखाली निर्वासितांचा धर्म येतो, जात क्वचितच. जणू घर सोडताना माणसांनी जातही उंबऱ्याबाहेर टाकली होती! पण बाबासाहेबांनी कायदामंत्री असताना १८ डिसेंबर १९४७ रोजी पंतप्रधान नेहरूंना लिहिलेले पत्र वेगळेच सांगते. पाकिस्तानातून अस्पृश्यांना बाहेर पडू दिले जात नाही, कारण हलकी समजली जाणारी कामे करायला तेथे माणसे हवी आहेत, हे त्यात आहे. आणि जे पूर्व पंजाबात पोचले त्यांना निर्वासितांच्या छावण्यांतही अधिकाऱ्यांच्या भेदभावाला तोंड द्यावे लागते, हेही आहे. म्हणजे काफिल्याचे चित्र पाहताना दोन प्रश्न विचारायला हवेत. या काफिल्यात कोणाला चालूच दिले नाही? आणि काफिला थांबल्यावर कोणाला तंबूबाहेर ठेवले? चित्र याचे उत्तर देत नाही. पत्र देते. म्हणून चित्राला कागदाची जोड लागते.

बंगालच्या बाजूला याहून कठोर उदाहरण आहे. १९४६ मध्ये बाबासाहेब संविधान सभेवर निवडून गेले ते बंगालमधून, जोगेंद्रनाथ मंडल आणि तिथल्या अस्पृश्य आमदारांच्या बळावर. ज्या नामशूद्र समाजाचे मंडल हे पुढारी, तो समाज फाळणीनंतर पूर्व पाकिस्तानातून निर्वासित झाला. १९५८ नंतर त्यांतल्या अनेकांना दंडकारण्यात पाठवण्यात आले. काही कुटुंबे आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलांतही वसवली गेली. १९७८ मध्ये दंडकारण्यातून हजारो निर्वासित परत निघाले आणि सुंदरबनातल्या मरीचझापी बेटावर उतरले. त्यांनी स्वतःच्या हिमतीवर शाळा बांधली, दवाखाना उभारला, बेकरी काढली. जानेवारी १९७९ मध्ये पश्चिम बंगाल सरकारने बेटाची नाकेबंदी केली, अन्न-पाणी तोडले, ३१ जानेवारीला गोळीबार झाला, आणि मे महिन्यात झोपड्या जाळून बेट रिकामे करण्यात आले. पत्रकारांना बेटावर जाण्यास मनाई होती. किती माणसे मेली यावर आजही एकमत नाही. कोणी दहाच्या आत सांगतात, कोणी शेकड्यांनी, कोणी हजारांनी. १९४७ च्या काफिल्यांची चित्रे जगाने पाहिली. बत्तीस वर्षांनी त्याच निर्वासितांतल्या सर्वांत खालच्या थराची बोट बुडवली गेली तेव्हा तेथे कॅमेरा नव्हता. जेथे चित्र नाही तेथे काही घडलेच नाही असे म्हणायला सत्ता मोकळी असते.

आता अगदी आपल्या दाराशी घडलेले उदाहरण. ८ मे २०२० च्या पहाटे, टाळेबंदीच्या काळात, तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ रेल्वेरुळांवर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली चिरडले गेले. जालन्याच्या पोलाद कारखान्यातले हे कामगार मध्य प्रदेशातल्या शहडोल आणि उमरिया जिल्ह्यांकडे पायी निघाले होते. दुसऱ्या दिवशी सर्वत्र जे चित्र आले त्यात माणूसच नव्हता. रुळांवर विखुरलेल्या चपात्या होत्या. त्या चित्राने देश हळहळला. पण ओळीत ते 'स्थलांतरित' होते, 'परप्रांतीय' होते. त्यांच्यात गोंड आदिवासी होते, हे शोधून वाचावे लागले. ते रुळांवर का झोपले, कारखाना बंद असताना त्यांच्या पोटाची सोय कोणी करायची होती, घरी जाण्यासाठी गाडी का नव्हती, हे प्रश्न चपात्यांच्या चित्रात मावले नाहीत. त्याच वर्षी १४ सप्टेंबरला केंद्र सरकारने लोकसभेत सांगितले की टाळेबंदीत मेलेल्या स्थलांतरित मजुरांची आकडेवारी ठेवलेली नाही. चित्र होते, नोंद नव्हती. हळहळ होती, जबाबदारी नव्हती.

हे वर्गात मांडले तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, ओळीत जात लिहायची म्हणजे पुन्हा तोच शिक्का मारायचा ना?" प्रश्न रास्त आहे. सरसकट प्रत्येक चेहऱ्याखाली जात लिहिणे हे जनगणनेच्या शिपायाचे काम झाले. पण जात हेच ज्या विस्थापनाचे कारण आहे, तेथे ती गाळणे म्हणजे कारण गाळणे होय. नामांतराच्या ठरावानंतर १९७८ मध्ये मराठवाड्यात ज्यांची घरे जाळली गेली त्यांना नुसते 'दंगलग्रस्त' म्हटले, की आग कोणी कोणाला लावली हे विरून जाते. शिक्का आणि साक्ष यांत फरक आहे. शिक्का दुसरा मारतो. साक्ष माणूस स्वतः देतो. म्हणून नाव आणि जात लिहायची की नाही, हे चित्रातल्या माणसाला विचारून ठरले पाहिजे. नाव छापल्याने गावात त्याच्या जिवाला धोका असेल तर ते न छापणे हाही त्याचाच अधिकार.

दलित साहित्याने हा प्रश्न शब्दांच्या क्षेत्रात कधीच सोडवायला घेतला आहे. १९७८ मध्ये दया पवारांचे 'बलुतं' आले, तेव्हा ज्याच्याविषयी इतर लिहीत आले होते तो स्वतः लिहू लागला. छायाचित्राच्या क्षेत्रात हे उशिरा घडले, पण घडले. सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांची जी चित्रे घेतली, त्यांत गटारात उतरलेला माणूस कामगार म्हणून दिसतो आणि घरी पोराबाळांत बसलेला बाप म्हणूनही. दया मागणारा चेहरा शोधत तो कॅमेरा फिरलेला नाही.

आज कॅमेरा प्रत्येक कार्यकर्त्याच्या खिशात आहे. तेव्हा कोणी आपले चित्र काढत नाही ही तक्रार पुरेशी नाही. गायरानावरची झोपडी पाडायला यंत्र येते, तेव्हा आपली पोरे मोबाइलवर शेकडो चित्रे घेतात आणि त्याच रात्री 'अन्याय' एवढा एक शब्द लिहून ती पाठवून देतात. चार दिवसांत ती चित्रे कोणत्याही गावची होऊन जातात. त्याऐवजी चित्रासोबत गावाचे नाव लिहा, तारीख लिहा, गट क्रमांक लिहा. ते कुटुंब ती जमीन कोणत्या सालापासून कसते, नोटीस दिली होती का, आदेशावर कोणत्या अधिकाऱ्याची सही होती, हे लिहा. समोरच्या माणसाला विचारून त्याचे नाव लिहा, आणि लिहिलेली ओळ त्याला वाचून दाखवा. ही ओळ न्यायालयात उपयोगी पडेल, वृत्तपत्रालाही सहजी बदलता येणार नाही. वीस वर्षांनी त्या कुटुंबातली एखादी मुलगी हे चित्र शोधत येईल, तेव्हा तिला आजीचा चेहरा सापडावा, आणि त्याखाली आजीचे नाव व घर का मोडले याचे कारणही सापडावे.