मे महिन्यात चालतो, जूनमध्ये अडतो

रत्नागिरीत मे महिना म्हणजे भरलेलं घर. डोंबिवली-विरारची, पुण्याची भावंडं आजोळी येतात, आणि आंबे, भाट्याचा समुद्र, रात्रीचे पत्ते यांच्या जोडीला हल्ली कितीतरी घरांत आणखी एक उद्योग असतो. तो म्हणजे माइनक्राफ्टमधलं सगळ्यांचं मिळून एक जग. एकाने आपल्या लॅपटॉपवर जग उघडायचं आणि ‘ओपन टू लॅन’ दाबायचं, की त्याच वाय-फायवरच्या बाकीच्यांना ते दिसू लागतं. महिनाभरात घरं उभी राहतात, खाणी खणल्या जातात, एखादा हौशी रत्नदुर्ग किल्लाही बांधायला घेतो. मग जूनच्या मध्यावर शाळा सुरू होतात. भावंडं परततात, जग मात्र रत्नागिरीतल्या लॅपटॉपवरच राहतं, आणि लांबून खेळता यावं म्हणून घरचा दादा त्यावर सर्व्हर चालू करतो. आठवड्याभरात डोंबिवलीहून फोन येतो, “दादा, आतच घेत नाहीये रे. काहीतरी इंग्लिश लिहून येतंय.”

हे जे ‘काहीतरी इंग्लिश’ असतं, त्याला फार कमी लोक किंमत देतात. माझं मत असं, की खासगी गेम सर्व्हर हे अतिशय सरळ यंत्र आहे. तो आत घेत नाही तेव्हा कुठे अडलं ते सांगतो आणि बहुतेक वेळा खरं तेच सांगतो. आपण ते पुरतं न वाचता सेटिंगं बदलत सुटतो आणि शेवटी कंटाळून सुरक्षाच काढून टाकतो.

आधी या यंत्राची ओळख करून घेऊ. माइनक्राफ्टची पहिली जाहीर आवृत्ती स्वीडनच्या मार्कस पर्सन यांनी मे २००९ मध्ये दिली, २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने अडीच अब्ज डॉलरला त्यांची कंपनी घेतली आणि २०२३ पर्यंत खेळाच्या ३० कोटींहून अधिक प्रती खपल्या. एवढ्या मोठ्या खेळाचा सर्व्हर मात्र कंपनीने कुणालाही फुकट उतरवून घेऊ दिला. ती एक छोटी जावा फाइल असते. पहिल्यांदा चालवली की ती लगेच बंद पडते, कारण करारनाम्याच्या फाइलमध्ये ‘फॉल्स’चं ‘ट्रू’ आपल्या हाताने करावं लागतं. मग ती जग तयार करते आणि २५५६५ या पोर्टवर, म्हणजे त्या क्रमांकाच्या दारावर, वाट पाहत बसते. सेकंदाला २० वेळा ती जगाचा हिशेब करते. गाय कुठे सरकली, पाणी कुठवर वाहिलं, कोणी कुठली वीट फोडली, हे सगळं त्यात आलं. साधा लॅपटॉप पाच-सहा भावंडांना सहज पुरतो.

कुणाला आत घ्यायचं हा प्रश्न या खेळाच्याही आधीचा. आपल्याकडच्या नेट कॅफेंमध्ये पोरं काउंटर-स्ट्राइक खेळायची तेव्हा बाहेरच्या जोडणीला सर्व्हर स्पष्ट सांगायचा की हा लॅन सर्व्हर आहे, फक्त स्थानिक खेळाडूंसाठी आहे. कॅफेतली ती ओळ आणि जूनमधला तो फोन, दोन्हींच्या मुळाशी गोष्ट एकच आहे. घरातलं जाळं वेगळं आणि बाहेरचं इंटरनेट वेगळं.

पहिली अडचण पत्त्याचीच असते. दादा लॅपटॉपवर पाहून डोंबिवलीला आकडे कळवतो, १९२.१६८ ने सुरू होणारे. हा पत्ता फक्त त्या घरापुरता आहे. गाव, वाडी काही न सांगता नुसतं ‘माडीवरच्या दुसऱ्या खोलीत या’ असं कळवण्यासारखं ते आहे. डोंबिवलीच्या घरातही बहुधा १९२.१६८ वालंच जाळं असतं, म्हणून तिथला संगणक आपल्याच घरात शोधत राहतो. बाहेरून यायचं तर राउटरचा सार्वजनिक पत्ता हवा, आणि २५५६५ वर येणारं सगळं अमुक लॅपटॉपकडे पाठव, अशी नोंद राउटरमध्ये हवी. यालाच पोर्ट फॉरवर्डिंग म्हणतात.

इथे दोन निरोप नीट ओळखायला शिकावं, निम्मं काम तिथेच होतं. एक ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ आणि दुसरा ‘कनेक्शन टाइम्ड आउट’. ऐकायला दोन्ही सारखेच वाटतात. पण ‘रिफ्यूज्ड’ येतो तेव्हा आपली हाक कुठल्यातरी यंत्रापर्यंत पोचलेली असते आणि त्या यंत्राने इथे या पोर्टवर कोणी ऐकत नाही असं उलट उत्तर दिलेलं असतं. म्हणजे सर्व्हर चालूच केलेला नाही किंवा पोर्टचा आकडा चुकलाय. ‘टाइम्ड आउट’मध्ये उत्तरच आलेलं नसतं. हाक वाटेत गडप झाली, एकतर पत्ता चुकला, राउटरने टाकून दिली, नाहीतर विंडोजच्या फायरवॉलने गिळली. पहिल्या निरोपाला लॅपटॉपकडे पाहायचं, दुसऱ्याला वाटेकडे. ‘अननोन होस्ट’ आला तर प्रकरण त्याहून सोपं असतं, कारण तिथे बहुधा पत्त्याच्या टायपिंगचीच चूक निघते.

आता कोकणातला पाऊस. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्यातला जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. झाडाची फांदी तारेवर पडते, वीज जाते, राउटर बंद होऊन पुन्हा सुरू होतो. या एका घटनेने दोन गोष्टी बदलू शकतात. सेवा देणारी कंपनी नवा सार्वजनिक पत्ता देते, मग डोंबिवलीत जपून ठेवलेला जुना पत्ता निकामी होतो. शिवाय राउटर घरातल्या यंत्रांना पुन्हा आकडे वाटतो. काल लॅपटॉपच्या पत्त्याच्या शेवटी ५ होता, आज तो पत्ता कुणाच्यातरी मोबाइलला मिळतो आणि पोर्टची नोंद त्या मोबाइलकडे बोट दाखवत राहते. ‘काल चालत होतं, आज का नाही?’ याचं पावसाळ्यातलं उत्तर बहुतेकदा या दोहोंपैकी एक असतं. लॅपटॉपचा आकडा राउटरमध्ये कायम राखून ठेवावा आणि पत्ता बदलला तरी तेच राहणारं डायनॅमिक डीएनएसचं नाव घ्यावं. राउटर आणि फायबरच्या जोडणीचा ओएनटी डबा इन्व्हर्टरवर असेल तर फारच बरं. सर्व्हर साधारण दर पाच मिनिटांनी जग जपून ठेवतो, तरी अचानक वीज गेली तर फाइल बिघडण्याची भीती असतेच. जगाच्या फोल्डरची प्रत रोज दुसरीकडे ठेवा.

हे सगळं करूनही ‘टाइम्ड आउट’ हटत नसेल, तर दोष बहुधा घरातल्या कुणाचाच नसतो. जुन्या पद्धतीचे इंटरनेट पत्ते जेमतेम ४२९ कोटी. त्यांचा जागतिक साठा फेब्रुवारी २०११ मध्ये वाटून संपला आणि आशिया-प्रशांत भागासाठीचा मोकळा साठा त्याच एप्रिलमध्ये शेवटच्या हिश्श्यावर आला. म्हणून अनेक कंपन्या कितीतरी घरांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देतात. याला सीजीनॅट म्हणतात आणि त्यासाठी २०१२ मध्ये १००.६४ ते १००.१२७ हा पट्टा राखून ठेवला गेला. राउटरच्या पानावर डब्ल्यूएएनपुढे, म्हणजे बाहेरच्या जोडणीपुढे, या पट्ट्यातला आकडा दिसला, की पोर्ट फॉरवर्डिंगवर आणखी एक मिनिटही घालवू नये. आपल्या राउटरच्या पुढे कंपनीचा आणखी एक राउटर आहे आणि त्यात आपल्याला नोंद करता येत नाही. कंपनीकडून पैसे भरून स्थिर पत्ता घ्यावा, किंवा टेलस्केल, झीरोटिअर यांसारखं खासगी जाळं सगळ्या भावंडांच्या यंत्रांवर बसवावं. मला दुसरा मार्ग पसंत आहे. त्यात सर्व्हर उघड्या इंटरनेटवर येतच नाही. आयपीव्ही६ ही पत्त्यांची नवी पद्धत हा तिसरा मार्ग. भारतात निम्म्याहून अधिक इंटरनेट त्यावर पोचलंय, पण तो दोन्ही टोकांना हवा.

वाट मोकळी झाली की सर्व्हर स्वतः बोलू लागतो. ‘यू आर नॉट व्हाइट-लिस्टेड ऑन धिस सर्व्हर’ हा निरोप आला तर आनंद मानावा. पत्ता, पोर्ट, आवृत्ती, खातं सगळं बरोबर आहे, फक्त आत घ्यायच्या खेळाडूंच्या यादीत नाव नाही. चालकाने सर्व्हरच्या खिडकीत ‘व्हाइटलिस्ट ॲड’ आणि खेळाडूचं नाव लिहिलं की झालं. यादीची फाइल हाताने बदलली असेल तर ‘व्हाइटलिस्ट रिलोड’ द्यायला विसरू नका.

पण कधीकधी नाव यादीत स्वच्छ दिसत असतं आणि तरी सर्व्हर नाही म्हणतो. तेव्हा यादीची फाइल उघडून जवळून पाहा. प्रत्येक नावाशेजारी एक लांब ओळखक्रमांक असतो, आडव्या रेघांनी पाच गटांत तोडलेला. सर्व्हर नाव पाहतच नाही, तो हा क्रमांक पाहतो. तिसऱ्या गटाचं पहिलं अक्षर ४ असेल, तर क्रमांक खऱ्या खात्याचा आहे. ३ असेल, तर तो सर्व्हरने नुसत्या नावावरून स्वतःच रचलेला आहे. म्हणजे हे नाव टाकलं तेव्हा खातं खरं आहे का ते तपासणारा ‘ऑनलाइन-मोड’ बंद होता. आता मोड चालू आहे, भाऊ खऱ्या खात्याने येतोय, त्याचा क्रमांक ४ वाला आहे आणि यादीत पडलाय ३ वाला. नाव काढून पुन्हा टाकलं की प्रश्न मिटतो.

हा ऑनलाइन-मोड मुळात बंद कोणी केला? क्रॅक केलेल्या, म्हणजे खेळ विकत न घेता वापरायच्या लाँचरवरून येणाऱ्याला ‘फेल्ड टू व्हेरिफाय युजरनेम’ दिसतं आणि कुणीतरी सांगतं की मोड ‘फॉल्स’ कर, होईल. होतंही. पण त्या क्षणापासून सर्व्हर कुणाचीच ओळख तपासत नाही. कोणीही दादाचं नाव टाइप करून दादा म्हणून आत येतो, आणि दादाकडे चालकाचे अधिकार असतील तर ते त्यालाही मिळतात. नाव यादीत आहेच, त्यामुळे यादीचा उपयोग शून्य. हा सल्ला वाईट आहे आणि तो मुलांना देऊ नये.

‘रत्नागिरीतला आमचा लहानसा सर्व्हर कोण शोधणार?’ असं पुष्कळांना वाटतं. २०१३ मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी झेडमॅप नावाचं साधन काढलं, ते एका संगणकावरून जुन्या पद्धतीचे सगळे पत्ते ४५ मिनिटांच्या आत चाळू शकत होतं. पोर्ट उघडा असला की तो सापडतो. डिसेंबर २०२१ मध्ये लॉग४जे या जावा लायब्ररीतली मोठी फट उघड झाली, तेव्हा माइनक्राफ्टच्या चॅटमध्ये एक विशिष्ट ओळ टाइप करून सर्व्हरवर परका प्रोग्राम चालवता येत होता. १.१८.१ ही दुरुस्त आवृत्ती लगेच आली. त्याहून जुना सर्व्हर दुरुस्ती न करता आजही कुणी चालवत असेल, तर तो आधी बंद करा.

मोबाइलवाल्यांची तक्रार वेगळी. फोनवरची बेडरॉक आवृत्ती आणि लॅपटॉपवरची जावा आवृत्ती एकमेकींशी थेट बोलत नाहीत. बेडरॉकचं पोर्टही वेगळं, १९१३२, आणि राउटरच्या नोंदीत त्याचा प्रकारही टीसीपी नाही तर यूडीपी. गीझर नावाचा दुभाषा सर्व्हरला जोडला तरच धाकटी मंडळी फोनवरून येऊ शकतात. आणि मुलाच्या खात्यावर ‘मल्टिप्लेअर इज डिसेबल्ड’ येत असेल, तर सर्व्हरला हात लावू नका. ते आई-बाबांच्या मायक्रोसॉफ्ट खात्यातून, कुटुंबाच्या सेटिंगमध्ये परवानगी देऊनच सुटतं. तुम्ही ती परवानगी द्यावी असं मी म्हणेन, कारण नावानिशी यादी असलेल्या भावंडांच्या सर्व्हरइतकी ओळखीची जागा मुलांना इंटरनेटवर सहसा मिळत नाही.

एक विनंती. यंदा चाचणी मे महिन्यातच उरका, सगळे घरात असतानाच. फक्त ती घरच्या वाय-फायवरून करू नका. आतूनच आपला सार्वजनिक पत्ता गाठू पाहिला तर बरेच राउटर तो जोडून देत नाहीत, आणि चालू असलेला सर्व्हरही बंद वाटतो. एका भावंडाचा लॅपटॉप मोबाइलच्या हॉटस्पॉटवर घ्या आणि त्यावरून आत या. निरोप आलाच, तर त्याचा पूर्ण फोटो काढून ठेवा, अर्धी ओळ सांगू नका.