माणिक की गारगोटी?

पावसाळा सरला की आमच्या कोकणात ओढ्याकाठी लालसर, पिवळट दगड उघडे पडतात. मागे आमच्या चौथीतली एक मुलगी असाच एक लाल दगड मुठीत घट्ट धरून आली. "बाई, माणिक गावलं! बाजारातला एक माणूस पारख करून देतो म्हणाला. दोनशे रुपये घेणार. बाबा उद्या देणार आहेत."

मला एकदम 'नाही' म्हणवेना. म्हटलं, "थांब, आधी दगडालाच विचारू या."

कसं विचारायचं? तुम्हीही करून पाहा, पण मोठं माणूस जवळ हवं.

पहिली परीक्षा कठिणपणाची. दगडाची कड जुन्या बाटलीवर ओढली. काचेवर चरा उठला! गारगोटीची कठिणता ७, काचेची साधारण साडेपाच. पण माणकाची तर ९, म्हणजे तेही चरा पाडणारच. पुढे चला.

दुसरी परीक्षा वजनाची. लाल दगड लोहखनिजाचा असता, तर तेवढ्याच गारगोटीच्या जवळजवळ दुप्पट जड लागला असता. हा तसा नव्हता.

तिसरी परीक्षा रंगाची. दगड पाण्यात भिजवून उन्हात धरला. लाली फक्त वरच्या सालीवर आणि भेगांमध्ये! जिथे टवका उडाला होता, तिथे आत दुधासारखा पांढरा. तो टवकाही फुटक्या बाटलीच्या काचेसारखा, वाटीगत खोलगट. माणकाची लाली क्रोमियममुळे त्याच्या अंगातच असते. ही मात्र बाहेरून आलेली.

कुठून आली? आपल्या जांभ्या दगडात लोह भरपूर. पाण्याबरोबर ते भेगांत झिरपतं आणि हवेतल्या ऑक्सिजनमुळे तिथेच गंजून बसतं. खिळ्याचा डाग सदऱ्याला पडतो ना, अगदी तसंच. कधी तो गंज लाल, कधी पिवळा-तपकिरी.

"म्हणजे साधी गारगोटीच?" तिचं तोंड एवढंसं झालं. मग आम्ही वर्गाच्या खिडक्या लावून घेतल्या आणि अंधारात दोन गारगोट्या एकमेकींवर जोरात घासल्या. आतून फिकट उजेड चमकला! सगळा वर्ग ओरडला, "पुन्हा, बाई, पुन्हा!"

संध्याकाळी तिचे बाबा शाळेत आले. म्हणाले, "बाई, दोनशे रुपये वाचले." आणि दगड? तो आमच्या वर्गाच्या फळीवर आहे. खाली तिनेच चिठ्ठी लिहिली आहे : 'लोहाने रंगलेली गारगोटी. ओढ्याकाठी मला सापडली.'

मग, तुमच्या ओढ्याकाठी काय सापडतंय?