ऐंशी अधिक पस्तीस

लातूरच्या एका दुकानात एसी घ्यायला आलेले गृहस्थ खोक्यावरचं स्टारचं लेबल वाचता वाचता थबकले. कूलिंग कपॅसिटी पाच हजार वॅट. "म्हणजे पाच किलोवॅट? अहो, आमची पाच एचपीची मोटर चारच्या आत खाते. बिल कोण भरणार?" सेल्समन घाईत होता. "साहेब, ते वॅट सोडा. दीड टन आहे, एवढं लक्षात ठेवा."

घाबरायचं कारण नव्हतं. ते पाच किलोवॅट म्हणजे खोलीतून बाहेर टाकायची उष्णता. त्यासाठी लागणारी वीज त्याच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याएवढी. दोन्हींचं माप एकच, म्हणून घोटाळा. पण मला खटकलं ते दुसरंच. दीड टनाचे वॅट होतात ५,२७५. लेबलवरच्या पाच हजारांचे उलटे टन केले, तर १.४२ भरतात. लेबल खरं बोलत होतं, ढिलं बोलत होतं ते सेल्समनचं तोंड.

हा टन आला बर्फावरून. म्हणून नांदेडला गेलो तेव्हा बर्फाच्या कारखान्यात डोकावलो.

दारातच अमोनियाचा वास. नाकात नव्हे, थेट डोळ्यांत जाणारा. आत मिठाच्या पाण्याची भली मोठी टाकी, वर लाकडी फळ्या, फळ्यांखाली ओळीनं बुडवलेले पत्र्याचे डबे. उणे १० अंशांच्या आसपासच्या त्या खाऱ्या पाण्यात डबे दीड-दोन दिवस राहतात, मग क्रेननं उचलून साध्या पाण्यात बुडवतात आणि लादी सुटते. पुढे टोचा, लाकडाचा भुसा, टेम्पो, रसवंत्या, मासळीवाले.

मला धरून ठेवलं ते ऑपरेटरमामांनी. वय साठीच्या पुढे, कानात कापसाचे बोळे, खिशात गंधकाची कांडी. दर तासाला कॉम्प्रेसरवरचे काटे बघून वहीत आकडे टाकायचे: सक्शन, डिस्चार्ज, ब्राइन. शेवटचा रकाना मामांनी स्वतः आखलेला: भरायच्या पाण्याचं तापमान. तो कुणी मागितलेला नव्हता.

एक टन म्हणजे तासाला बारा हजार बीटीयू, हे पाठ केलेलं मी सांगायला गेलो. मामांनी हातानंच थांबवलं.

"आपला हिशेब ऐंशीचा. एक किलो पाणी शून्यावर उभं केलंय, त्याचा बर्फ करायला ऐंशी कॅलरी काढा. बस."

ऐंशी किलोकॅलरी, पण कारखान्यात किलो शब्द गळून जातो. पुढचं गणित मी वहीच्या मागच्या पानावर मांडलं. अमेरिकेचा टन दोन हजार पौंडांचा, म्हणजे ९०७ किलोंचा. एवढा बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता ओढतो, तो शीतकरणाचा एक टन. ९०७ गुणिले ऐंशी, भागिले चोवीस: तासाला सुमारे ३,०२३ किलोकॅलरी. एक किलोवॅट म्हणजे तासाला ८६० किलोकॅलरी, म्हणून टनाचे साडेतीन किलोवॅट. बारा हजार बीटीयू तेच. बोस्टनहून जहाजात भरून आलेला तळ्यांचा बर्फ मुंबईनं १८३०च्या दशकात खाल्ला. त्या धंद्याचं माप अजून आपल्या भिंतीवरच्या खोक्यात आहे.

"मग एक टनाच्या मशिनीत दिवसाला एक टन बर्फ निघतो?" मी विचारलं.

मामा हसले. "कागदावर निघतो. शून्यावरचं पाणी मला कोण आणून देणार? मे महिन्यात टाकीत हात घालून बगा. पस्तीस. आधी ते पस्तीस जातेत, मंग ऐंशी."

किलोला दर अंशामागे एक कॅलरी, म्हणून ऐंशी अधिक पस्तीस, एकशेपंधरा. आपल्या हजार किलोंच्या टनाला तासाला ४,७९२ किलोकॅलरी. त्यांचे शीतकरणाचे टन १.५८. लादी शून्याच्याही खाली जाते, टाकीच्या भिंतींतून उष्णता आत शिरते. ते धरलं की आकडा पावणेदोनकडे सरकतो. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात एक टन बर्फाला दीड टनाचं मशीनही अपुरं. पुस्तकातल्या टनात हे ऊन कुठेच नाही.

बोलता बोलता मामांनी नाक वर केलं. मला वेगळं काहीच जाणवलं नव्हतं. कांडी पेटवून त्यांनी ती पाइपाच्या एकेका जोडावरून फिरवली. तिसऱ्या जोडापाशी निळसर धुराचा पांढराशुभ्र ढग झाला. अमोनिया गळत असला की गंधकाचा धूर असा पांढरा होतो. जोड आवळून, कांडी विझवून मामा पुन्हा वहीकडे. एवढ्या नाकाला रात्रपाळीचे किती मिळतात, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

मालक आले ते नव्या प्लांटचं कोटेशन घेऊन. रोजचा दहा टन बर्फ, देखणा छापील तक्ता. क्षमता टनांत, किलोवॅटमध्ये आणि बीटीयूतही. मामांनी चष्मा लावून पान उलटलं, बारीक टायपातल्या ओळीवर बोट ठेवलं.

"ह्यांनी पाणी पंचवीसला धरलंय."

किलोमागे दहाचा फरक. दहा टनांना दिवसाला एक लाख किलोकॅलरी, म्हणजे सव्वा टनाहून जास्त क्षमता कागदावरच खाल्लेली, आणि तीही ऐन हंगामात. मालक म्हणाले, "कंपनीवाले म्हणतेत, हेच स्टँडर्ड आहे." मामांनी वही उघडून मे महिन्याचा तो शेवटचा रकाना त्यांच्यापुढे सरकवला. मालकांनी खिशातला पेन काढला, पंचवीसवर काट मारली, बाजूला ३५ लिहिलं आणि कंपनीला फोन लावला.